वर्गात ६३, कागदावर ५९

माझी मुलगी नगरपरिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. हे सांगितलं की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "का हो, काही अडचण?" अडचण काहीच नाही. मी याच शाळेत शिकलो. पहिलीच्या दिवाळीत ती बाजारातल्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालली होती, तेव्हाच माझ्या मनातली उरलीसुरली शंका गेली.

पण यंदा जे झालं ते लिहायलाच हवं.

पहिली ते चौथी मिळून शाळेत ६३ मुलं बसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तिसरा. मात्र संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे सरकार ठरवतं तेव्हा, मुलं धरतात ती आधार शाळेच्या नोंदीशी जुळलेलीच. आमच्या चौघांचं जुळलं नाही. एकाच्या वडिलांचं नाव चुकलेलं, एकाचं आधारच काढलेलं नाही, आणि ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या दोघी बहिणींची जन्मतारीख शाळेतल्या नोंदीशी जुळेना. बाई शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी चकरा मारत होत्या. शेवटी पट ५९ धरला गेला, एक सर अतिरिक्त ठरले आणि दुसऱ्या गावी गेले.

आता बाई तिसरी-चौथी एकत्र घेतात. मागच्या आठवड्यात पाण्याची बाटली द्यायला गेलो होतो. फळ्यावर मधोमध खडूची रेघ. डावीकडे हातच्याची वजाबाकी, उजवीकडे भागाकार. बाई डावीकडे समजावत होत्या, उजवीकडचा एक मुलगा बोट वर करून बसला होता. तेवढ्यात कुठलीतरी माहिती लगेच भरा म्हणून फोन आला. मी निघालो तेव्हाही त्याचं बोट वरच होतं.

जूनमध्ये आमच्या गल्लीतली तीन मुलं पिवळ्या व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत गेली. त्यातली एक आई चार घरची धुणीभांडी करते. मला म्हणाली, "दादा, शाळा चांगलीच हाय, पण शिकवायला माणूस नको का?" तिला काय उत्तर देणार? आता पट आणखी उतरला, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तेच ऐकायचं, सरकारी शाळेत मुलंच येत नाहीत. अहो, शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावत होते. पालकांना सरकारी शाळेचं वावडं नाही. आधी शिक्षक काढून घ्यायचे आणि मग रिकामे बाक दाखवायचे, हे बंद करा. केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, वर्गात येऊन डोकी मोजावीत, तोच पट धरावा. आणि पट थोडा उतरला तरी निदान दोन वर्षं शिक्षक हलवू नये.

शिक्षक ठरवायला धरतात तो ३० सप्टेंबरचा पट पुन्हा येतोय. शनिवारी त्या दोघी बहिणींच्या वडिलांना घेऊन मी तालुक्याच्या आधार केंद्रावर जाणार आहे. जन्माचा दाखला नसेल तर काय करावं लागतं, हे कुणाला नीट माहीत असेल तर कमेंटमध्ये नको, थेट फोन करा.