साक्षीदार पाहिजे, वय कमी असावं

तिसऱ्या मजल्यावरचे काका परवापासून माझ्याशी बोलत नाहीत. लिफ्टमध्ये भेटले तर मान वर करून आकडे बघत राहतात. कारण काय, तर मी माझ्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून त्यांची सही घेतली नाही! लोक पार्किंगवरून भांडतात, गळक्या बाथरूमवरून भांडतात, आमच्याकडे हे असं.

मुळात हे खूळ भाच्याचं. तो न्यू जर्सीत राहतो, तिथे घर घेतल्यावर त्याने लिव्हिंग ट्रस्ट केला, म्हणजे हयातीतच घर ट्रस्टच्या नावावर टाकलं, कारण तिकडे माणूस गेला की प्रोबेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्र खरं ठरवून घ्यायच्या कोर्टात, म्हणे वेळ आणि पैसा दोन्ही जातात. मग व्हिडिओ कॉलवर मला, "मावशी, तूपण फॅमिली ट्रस्ट कर, ॲसेट प्रोटेक्शन!" आता माझे ॲसेट म्हणजे डोंबिवलीतला वन बीएचके, थोड्या एफड्या, सोनं, आणि राजापूरकडच्या सातबाऱ्यावर असलेली ही एवढी नावं, ज्यात आमच्या वाट्याला हिशोबाने आंब्याचं दीड कलम येतं, त्यातलं अर्धं कोणतं ते अजून ठरलेलं नाही.

वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, ट्रस्ट आपल्याकडेही होतो की, 1882 चा कायदा आहे, पण ट्रस्टी नेमा, डीड करा, फ्लॅट त्यात टाकताना स्टँप ड्युटी भरा. घरात एखादं मूल परावलंबी असेल किंवा मुलगा पैसे उडवणारा असेल तर जरूर करा. "उडवतो का?" म्हटलं नाही हो, भयंकर चिकट आहे. "मग मृत्युपत्र पुरे." साध्या कागदावर चालतं, स्टँप ड्युटी नाही, रजिस्टर करणं आपल्या मर्जीवर. फक्त दोन साक्षीदार लागतात, आणि ते तुमच्यापेक्षा वयाने लहान बघा, कारण उद्या कोणी हरकत घेतली तर साक्षीदाराला कोर्टात उभं करावं लागतं आणि त्यासाठी तो जिवंत हवा.

काकांचं वय 79.

त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. सकाळी साडेसातला बेल. "ऐकलं, मृत्युपत्र करताय. आण पेन."

"काका, त्याला जरा तरुण माणूस लागतो."

"सहीला कसली ताकद लागते?"

"तसं नाही हो, नंतर कधी कोर्टात जायची वेळ आली तर..."

"नंतर म्हणजे कधी?"

"मी गेल्यावर."

"मग मी असेनच की!"

यावर माणसाने काय बोलायचं. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात काका वर जाऊन फाइल घेऊन आले. साखर उपाशीपोटी 95. ईसीजीची पट्टी डायनिंग टेबलवर अंथरली, ती मिठाच्या बरणीपर्यंत गेली. "आता तुमचं दाखवा." माझं हिमोग्लोबिन नऊ आहे, ते मी कशाला सांगितलं असतं, पण भांडी घासता घासता आमच्या मावशींनी सांगून टाकलं. "नऊ! म्हणजे तुम्ही आधी!" काय आनंद झाला हो त्यांना.

मग म्हणाले, वाचल्याशिवाय मी सही करत नाही, बँकेत होतो. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरजच नसते, त्याने फक्त माझी सही होताना बघायची, हे मी सांगेपर्यंत त्यांनी कच्चा मसुदा हातात घेतला होता. "पाटल्या सुनेला? आणि लेकीला?" तोडे. "किती ग्रॅम?" आणि पुढे, "पार्किंग खोडा. ते सोसायटीचं आहे, तुमचं नाही."

इथे मात्र माझं डोकं फिरलं. कारण आमचे हे गेले तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी काकाच होते. ह्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, नॉमिनी मी होते, मला वाटलं झालं. काकांनी चष्मा पुसत सांगितलं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचे कागद आणा. वारस कोण, तर मी, मुलगा, मुलगी आणि सासूबाई, चौघांना सारखा हिस्सा. ते कागद जमवेपर्यंत सासूबाईही गेल्या, आणि त्यांच्या चौथ्या हिश्श्यात दीर-नणंद घुसले! ज्या फ्लॅटचे हप्ते आम्ही दोघांनी भरले, त्याच्या हक्कसोडपत्रावर सही करायला भावजींना महिनोन् महिने मुहूर्त सापडेना. नणंदेने बिचारीने एका फोनवर केली. काका कायद्याने बरोबर होते, हे मला आजही पटतं आणि आजही सहन होत नाही. आणि तेच आता मला म्हणतात, "मागच्या वेळी किती त्रास झाला तुम्हाला!"

वकीलबाईंनी तर आणखी घाबरवलं. आमच्या भिंतीवर जे कालनिर्णय लटकतं, त्या जयंतराव साळगावकरांनी रीतसर मृत्युपत्र केलं होतं, तरी शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या नॉमिनीवरून घरातला वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. डिसेंबर 2023 मध्ये निकाल लागला, तोही काकांसारखाच: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. साऱ्या महाराष्ट्राचे मुहूर्त ज्यांच्या घरून निघतात त्यांची ही कथा, तिथे माझ्या दीड कलमाचं काय.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरचा जिमवाला मुलगा आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचा भाऊ, दोघांना रिक्षात घालून रजिस्ट्रार ऑफिसला नेलं. अंगठे झाले, फोटो झाला, त्यात मी आधीच गेल्यासारखी दिसते. घरी येईपर्यंत काकांनी बिल्डिंगभर सांगितलं होतं की डॉक्टरांनी मला काहीतरी सांगितलंय. वॉचमनने पिशवी हातातून घेतली. बी विंगमधल्या वहिनी, ज्यांनी गणपतीत माझा मोदकांचा साचा नेला तो अजून दिला नाही, त्या डब्यात मुगाची खिचडी घेऊन आल्या आणि हात धरून बसल्या. साच्याचा विषय काढायची सोयच राहिली नाही.

वकीलबाईंनी बजावलं होतं की मूळ कागद नुसत्या आपल्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका, आपण गेल्यावर तो लॉकरच उघडत नाही लवकर. म्हणून गोदरेजच्या कपाटात ठेवला आणि मुलाला फोन केला. "आई, मीटिंगमध्ये आहे, ग्रुपवर टाक." टाकलं, मृत्युपत्र तिसऱ्या कप्प्यात, शालूच्या खाली. मुलाने अंगठा दाखवला. लेकीने विचारलं, कुठला शालू? सुनेने आधी बदाम टाकला, मग तो काढून हात जोडले.