'गावाकडचे किस्से म्हणजे डेटा नव्हे' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही नाव टाकलेलं नाही, नुसतं 'एक वाचक, पुणे' लिहिलंय, म्हणून सर म्हणतो. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री दुकान बंद करताना वाचली, तेव्हाच उत्तर लिहिणार होतो पण रागात लिहायचं नाही असं ठरवून दोन दिवस थांबलो. अजून सगळा राग गेलाय असं नाही.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. देशातल्या कॅन्सर नोंदणीचा 2012 ते 2016 चा रिपोर्ट आहे, आयसीएमआरचा म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, 2020 साली आला. त्यात 28 ठिकाणचे आकडे आहेत आणि सगळ्यात कमी दर आपल्या उस्मानाबाद-बीडचा आहे. पुरुषांचा लाखाला 39.5, बायकांचा 49.4. सगळ्यात जास्त पुरुषांमधे मिझोरमचं ऐझॉल, 269.4, आणि बायकांमधे अरुणाचलचा पापुमपारे जिल्हा, 219.8. मी लिहिलं होतं की आपल्याकडं कॅन्सर इतका कमी आहे यावर माझा विश्वास बसत नाही, इथं तो सापडायच्या आधीच माणूस जातो. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी, जशीच्या तशी देतो:

"भावनिक लिखाण. बार्शीची नोंदणी 1987 पासून गावोगाव फिरून चालते, तिथेही दर कमीच आहे, त्यामुळे 'मोजलं जात नाही' हा दावा टिकत नाही. लेखकाला क्रूड रेट आणि एज-ॲडजस्टेड रेट यातला फरक कळलेला नाही. गावाकडचे किस्से म्हणजे डेटा नव्हे. मेडिकल चालवणाऱ्यांनी औषधं विकावीत, एपिडेमिऑलॉजी तज्ज्ञांवर सोडावी."

आधी माझी चूक कबूल करतो. मी लिहिलं होतं 'आपल्याकडं लाखात 39 पुरुषांना कॅन्सर होतो'. ते बरोबर नाही. 39.5 हा एज-ॲडजस्टेड, म्हणजे वयाचा फरक काढून टाकून, जगाची एक ठरवलेली लोकसंख्या धरून काढलेला दर आहे, प्रत्यक्षात मोजलेली माणसं नाहीत. म्हाताऱ्यांचं गाव आणि पोरांचं शहर शेजारी ठेवून तुलना करायची तर असं करावंच लागतं, कारण कॅन्सर वयाबरोबर वाढतो. ती ओळ काल दुरुस्त केली. धन्यवाद. पण सर, ही गोष्ट एका ओळीत नीट सांगता आली असती. 'लेखकाला कळलेलं नाही' असं लिहायची गरज होती का? मी कुठंही स्वतःला एपिडेमिऑलॉजीचा, म्हणजे रोग कुणाला किती होतो ते मोजण्याच्या शास्त्राचा, तज्ज्ञ म्हणवलेलं नाही.

आता ते किस्से. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत हे एकच वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

माझं बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला 22 वर्षांपासून मेडिकल आहे. एस्टी स्टँडच्या समोर, त्यामुळं खेड्यातला माणूस गाडीतून उतरला की आधी माझ्याकडं येतो, डॉक्टरकडं नंतर, आणि पुष्कळदा डॉक्टरकडं जातच नाही. बाई येते, आजूबाजूला कोणी नाही बघून हळूच म्हणते, भाऊ, अंगावर लई जातंय, गोळी द्या. मी विचारतो किती दिवस झाले, ती म्हणते दिवाळीपासून. म्हणजे पाच महिने. पाळी तर दोन-तीन वर्षांपूर्वीच बंद झालेली असते. मी गोळी देत नाही, डॉक्टरकडं जा म्हणतो, तर ती दुसऱ्या दुकानात जाऊन ट्रॅनेक्सॅमिकची, रक्त थांबवायच्या गोळ्यांची, पट्टी घेते आणि गावाला निघून जाते. पुरुष येतात, तोंड आलंय म्हणतात, बी कॉम्प्लेक्स द्या. मी म्हणतो तोंड उघडा बघू. दोन बोटं सरळ आत जात नाहीत इतकं तोंड आखडलेलं असतं, गालाच्या आत पांढरं झालेलं, आणि वय किती तर 28. गुटख्याला महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. खिशातून पुडी डोकावत असते.

तुम्ही याला किस्से म्हणता. ठीक आहे, मग एक किस्सा पूर्णच सांगतो.

माझी धाकटी आत्या धारूर तालुक्यातली. नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे दोघं मिळून ऊसतोडीच्या टोळीत जायची, दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कर्नाटकात नाहीतर सांगलीकडं, आणि पट्टा पडला, म्हणजे सीझन संपला, की गावाला परत. तिला 2012 च्या आसपास त्रास सुरू झाला. घाण वास यायचा म्हणून ती कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, सगळ्यांपासून लांब, दाराशी गोधडी टाकून झोपायची, हे मला माझ्या बहिणीनं नंतर सांगितलं. मला म्हणजे मेडिकलवाल्या भाच्याला आत्यानं सांगितलं नाही, लाजेनं. एका खाजगी डॉक्टरनं सोनोग्राफी केली, गर्भाची पिशवी खराब झालीय म्हणून काढली. मामांना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, ती पिशवी बरणीत घालून दाखवली, बघा किती खराब झाली होती म्हणून. नंतर ती बरणी कुठं गेली कुणाला माहीत नाही. तपासायला पाठवली नाही एवढं नक्की, कारण रिपोर्टच नाही. मी फाईल चारदा उलटीपालटी केलीय.

पुढच्या सीझनला ती परत ऊस तोडायला गेली. मग कंबर दुखायला लागली, एक पाय सुजला. 2014 च्या उन्हाळ्यात मला कळलं, मी तिला जिल्ह्याच्या बाहेर मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या मॅडमनी हातानं तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता, जिथं टाके घातलेत तिथंच वाढलाय, फार पुढं गेलाय, आता तुकडा काढून तिला त्रास देऊ नका, घरी न्या. केसपेपरवर दोन ओळी इंग्रजीत. तेवीस दिवसांनी लघवी बंद झाली आणि ती गेली. वय 54.

दाखला काढायला ग्रामपंचायतीत मीच गेलो होतो. रजिस्टरमधे मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं 'वृद्धापकाळ'. मी ग्रामसेवकाला म्हटलं, अहो चोपन्न वर्षांची बाई, वृद्धापकाळ कसा? तो बिचारा म्हणाला, भाऊ, कुणी काही सांगितलं नाही तर आम्ही असंच लिहितो, आणि त्यानं मला वरच्या सहा-सात ओळी दाखवल्या. त्यात दोन 'वृद्धापकाळ' आणि बाकी 'अल्प आजार'.

आता तज्ज्ञ म्हणून तुम्हीच सांगा. नोंदणी कशी होते? नोंदणीची माणसं दवाखान्यात जातात, लॅबमधे जातात, बायोप्सीचे, म्हणजे तुकडा तपासल्याचे, रिपोर्ट बघतात, केसपेपर बघतात आणि मृत्यूच्या नोंदी तपासतात. त्यांच्या कामाला मी एका शब्दानंही कमी लेखलेलं नाही, पोस्ट परत वाचा. पण आत्याचा तुकडा तपासला गेला नाही, पिशवी बरणीतून गायब झाली, केसपेपर माझ्या कपाटात आहे, आणि मृत्यूच्या रजिस्टरला 'वृद्धापकाळ'. नोंदणीवाल्यानं तिला शोधायचं कुठं? ती गेली 2014 ला, रिपोर्ट 2012 ते 2016 चा. बायकांचा जो 49.4 आहे ना, त्यात माझी आत्या नाही असं मी म्हणतो, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, रजिस्टर डोळ्यानं बघून म्हणतो. तुमचा डेटा ज्या जागी गळतो ती जागा मी तुम्हाला दाखवतोय आणि तुम्ही म्हणता किस्सा.

अजून एक, पिशवीचा विषय निघालाच आहे तर. 2019 साली सरकारनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण केलं होतं, विधानभवनात गाजलं होतं ते. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. पिशवीबरोबर तिचं तोंडही काढलं असेल तर त्या बाईला पुढं पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होणं जवळपास संपलं, पण दर काढताना भागाकाराच्या खाली ती बाई मोजली जातेच, कारण खाली सगळ्या बायका असतात. मग दर खाली दिसणारच की. आणि त्या काढलेल्या पिशव्यांपैकी किती लॅबला गेल्या? त्यात ज्यांना आधीच कॅन्सर होता त्या कुठं नोंदल्या? हा प्रश्न मी पोस्टमधेही विचारला होता, त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही.

बार्शीचं म्हणाल तर बार्शीबद्दल मला आदरच आहे. देशातली खेड्यातली पहिली कॅन्सर नोंदणी ती, आणि तिच्यात आपल्या धाराशिवचे परांडा आणि भूम तालुकेही आहेत. पण बार्शीला कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, गावोगाव फिरून 'अंगावर जातं का, गाठ आहे का' विचारणारी माणसं आहेत. धारूरला, आष्टीला, वडवणीला ते आहे का? मी तरी पाहिलेलं नाही. बास, यावर जास्त लिहीत नाही.

उलट याच उस्मानाबाद जिल्ह्यात शोधल्यावर काय झालं ते बघा ना. 1999 ला तिथं पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची एक मोठी तपासणी सुरू झाली होती, टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यांची मिळून, 30 ते 59 वयाच्या एक लाख एकतीस हजार बायका. काही गटांची एकदाच तपासणी केली, एका गटाची केली नाही, आणि आठ वर्षं लक्ष ठेवलं. ज्या गटात एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्यामुळं होतो त्या विषाणूची, तपासणी होती त्यात 34 बायका या कॅन्सरनं गेल्या, ज्यांची तपासणी नव्हती त्यात 64. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे. पुढच्या स्टेजला गेलेले कॅन्सर एकीकडं 39, दुसरीकडं 82. 2009 ला हे जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, जगभर त्याचा दाखला देतात. आयुष्यात एकदा, फक्त एकदा तपासणी! आणि शेजारच्या जिल्ह्यातली माझी आत्या 2012 ला दाराशी गोधडी टाकून झोपत होती.

म्हणून 'दर कमी आहे' हे वाक्य मला लागतं. दर कमी म्हटलं की शेकाचं, म्हणजे रेडिएशनचं, मशीन लातूरला नाहीतर संभाजीनगरला, आमच्याकडं कशाला, असं होतं. तुम्हाला तो आकडा कागदावर दिसतो, आम्हाला तो शेकासाठी पहाटेच्या एस्टीत बसलेल्या माणसांमधे दिसतो.

सगळा फरक मोजणीचाच आहे असं मी म्हटलेलं नाही, तसं कुणी वाचलं असेल तर इथं स्पष्ट करतो. ऐझॉलचा दर खरोखरच जास्त आहे, तिथं तंबाखूचं प्रमाण प्रचंड आहे, हे मान्य. आपल्या बायकांमधे स्तनाचा कॅन्सर मुंबई-पुण्यापेक्षा खरोखरच कमी असू शकतो, लवकर लग्न, जास्त मुलं, दोन-दोन वर्षं अंगावर पाजणं, याचा परिणाम होतो हे डॉक्टर लोक सांगतातच. आणि मुंबईत पिशवीच्या तोंडाचा कमी होत होत स्तनाचा पुढं गेला, तसं उद्या लातूर-नांदेडलाही दिसेल. उलट टोकाचं उदाहरणही आहे, दक्षिण कोरियात थायरॉईडची सोनोग्राफी सरसकट सुरू झाल्यावर 1993 ते 2011 मधे थायरॉईड कॅन्सरचा दर 15 पट झाला आणि त्यानं मरणारे होते तेवढेच राहिले. म्हणजे शोधण्यानं आकडा किती हलतो ते बघा. तिकडं जास्त शोधून वर गेला, मग इकडं न शोधल्यानं खाली राहतो हे मानायला तुम्हाला एवढं जड का जातंय?

राहिलं 'औषधं विकावीत'. माझे वडील शाळेत शिपाई होते, मी डी फार्मसी कर्ज काढून केलं, आणि 22 वर्षांत एकही गोळी चिठ्ठीशिवाय विकली नाही असं म्हणणार नाही, पण ज्या बाईला पाळी बंद झाल्यावर रक्त जातंय तिला मी कधीच नुसती गोळी देऊन पाठवलेलं नाही. कितीतरी जणींना मी स्वतः फोन करून उपजिल्हा रुग्णालयात नंबर लावून दिलेत. तुमच्या एका ओळीत हे सगळं पुसून टाकलंत. प्रतिक्रिया लिहिताना समोर माणूस आहे एवढं तरी लक्षात ठेवा, पुण्यात बसून कुणालाही काहीही बोलायचं हे बरं दिसत नाही.

पोस्ट काढणार नाही. दराची ओळ दुरुस्त केलीय आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेमुळं दुरुस्ती केली असं लिहिलंय. आणि खरंच या विषयातलं शिक्षण असेल तुमचं, तर पुढच्या आठवड्यात पाडव्याला मी गावी आहे, या. ग्रामपंचायतीचं रजिस्टर मी तुम्हाला दाखवायला सांगतो, मागच्या दहा वर्षांचं, चाळीस ते साठ वयाच्या बायका आणि त्यांच्यासमोरचा कारणाचा रकाना तुम्ही तुमच्या हातानं मोजा.