दिवाळीला या, पण बागेत घालायचे कपडे घेऊन या

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक बेत शिजतोय. पुढच्या दिवाळीत गावाकडं कुणी जायचंच नाही. कोकणात समुद्राकाठी एखादं रिसॉर्ट धरायचं, वर्गणी काढायची आणि सगळ्यांनी तिथंच जमायचं. का, तर "गावाकडं गेलं की कुणाला बोलायला वेळच नसतो. दादा बागेत, वहिनी स्वयंपाकघरात, काकू गोठ्यात. आम्ही सुट्टी काढून, खंबाटकी घाटात अडकत यायचं आणि इथं येऊन टीव्ही बघत बसायचं का?" या मेसेजला अंगठे भरपूर पडलेत. मी तिथं उत्तर लिहायला घेतलं, ते वाढत गेलं, म्हणून इथं टाकते. भावकीतले निम्मे लोक इथंही आहेतच, पोचेल त्यांना.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. घरची द्राक्षबाग. मी सांगलीत विश्रामबागला राहते, म्हणजे मला गाव जवळ. पुण्या-मुंबईच्या लोकांइतका मला प्रवासाचा ताप नाही, हे आधीच कबूल. आणि त्यांची तक्रार खोटी आहे असंही नाही. यंदा दिवाळीत दादा खरंच घरात सापडत नव्हता. अभ्यंगस्नानाला पहाटे सगळी पोरं उटणं लावून ओळीनं बसलेली आणि हा बाबा कोपऱ्यात औषधाचं माप काढत होता. काकांनी विचारलं, "आज तरी?" तर म्हणाला, "आज तरी म्हंजे काय? राती दव पडलंय की."

ज्यांनी द्राक्ष फक्त पेटीत बघितलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. बागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी. तिच्यानंतर जी काडी वाढते तिच्या डोळ्यात, म्हणजे जिथनं पुढं फूट निघते त्या कळीत, मे-जूनमध्ये पुढच्या मालाचे घड तयार होतात, आणि त्याला ऊन लागतं. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात पीकछाटणी, आणि तिथून साधारण चार-साडेचार महिन्यांनी माल. पीकछाटणी झाली की डोळ्यांना पेस्ट लावायची, आठ-दहा दिवसांनी डोळे फुटायला लागतात, फुटव्यात घड दिसायला लागतो, चाळिसाव्या दिवसाच्या आसपास फुलोरा येतो. हे सगळे दिवस पानही कोवळं आणि घडही कोवळा. त्यात आभाळ आलं, पाऊस झाला, पहाटे पान ओलं राहिलं की दावण्या रोग आलाच. पानावर तेलकट डाग दिसला तेव्हा घड वाचवायला उशीर झालेला असतो, म्हणून औषध डाग दिसायच्या आधी मारायचं. ते उद्यावर ढकलता येत नाही.

आता दिवाळीचं बघा. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, यंदा, २०२५ ला, २१ ऑक्टोबरला. म्हणजे दर वर्षी दिवाळी बागेला वेगळ्या वयात गाठते. कधी जादा फुटी काढायच्या दिवसांत, कधी फुलोऱ्यात, कधी डिपिंगच्या, म्हणजे घड द्रावणात बुडवायच्या तोंडावर. पण निवांत वयात गाठलीय असं मला तरी आठवत नाही. त्यात यंदा पावसानं मे महिन्यातच बैठक मारली. डोळ्यात घड बनायच्या वेळेला ऊनच नव्हतं. त्यामुळं छाटणीनंतर कितीतरी बागांत घड कमी निघाले. जे निघाले ते हातचे जाऊ नयेत म्हणून माणूस लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडतो. त्याला "जरा आमच्यात येऊन बस" म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं?

दुसरी गोष्ट ग्रुपवर कुणाच्या ध्यानातच आली नाही. ऐन दिवाळीत बागेला माणूस मिळत नाही. रोजानं येणाऱ्या बायकांनाही घरं आहेत, त्यांच्याही लेकी माहेरी येतात. त्या आल्या नाहीत म्हणून नावं ठेवायची सोय नाही. मग काम घरच्यांवरच पडतं, आणि नेमकं तेव्हाच घर माणसांनी भरलेलं असतं. माझं म्हणणं इतकंच आहे की ही दोन गणितं एकमेकांशेजारी मांडून बघा.

यंदा पाडव्याला झालं ते सांगते. सकाळी दारात शेणाचे पांडव घातले, जनावरं ओवाळून झाली आणि दादा चहा पिता पिता म्हणाला, "आज फुटी काढायला कोण न्हाई." नेहमीसारखं सगळ्यांनी ऐकून सोडून दिलं असतं, पण आत्याची सून, जी आयटीत आहे आणि जिच्या नखांना सणाचं नेलपेंट होतं, ती म्हणाली, "मला दाखवा ना कसं करायचं." मग मी उठले, माझा मुलगा उठला, पुण्याच्या काकांचा धाकटा उठला. काम अवघड नाही. घड असलेली फूट ठेवायची, वांझ फूट आणि दाटीतली जादा फूट बोटानं मोडायची. पहिल्या दोन-चार वेलींवर दादा मागून ओरडत होता, "अगं घडाचीच मोडलीस की!" पुढं हात बसला.

आणि त्या दुपारी मांडवाखाली जेवढं बोलणं झालं तेवढं गेल्या कित्येक दिवाळ्यांत झालं नव्हतं. हात कामात असले आणि डोळे वेलीवर असले की माणूस सैल बोलतो. समोरासमोर सोफ्यावर बसलं की "मग, बाकी काय?" इथंच गाडी अडते. आईनं सुनांना पहिल्या विहिरीची गोष्ट सांगितली, जी मलाही अर्धीच माहीत होती. काकांच्या धाकट्यानं शेजारच्या ओळीतून मला जे सांगितलं ते त्यानं घरात कधी तोंडातून काढलं नसतं. काय ते इथं लिहिणार नाही, त्यानं विश्वासानं सांगितलंय. दुपारी वहिनीनं भाकरी आणि खर्डा बागेतच पाठवला. फराळाच्या ताटाकडं त्या दिवशी कुणी ढुंकून बघितलं नाही.

रिसॉर्टच्या बाजूनं एकच मुद्दा खरोखर वजनाचा आहे, आणि गंमत म्हणजे तो ग्रुपवर एकानंही मांडला नाही. तो असा, की तिथं वहिनीला स्वयंपाक करावा लागणार नाही. हा मुद्दा कुणी मांडला असता तर मी गप्प बसले असते. पण तोही टिकत नाही, कारण वहिनी रिसॉर्टला येणारच नाही. बाग टाकून दादा येऊ शकत नाही, दादाला आणि म्हाताऱ्या माणसांना टाकून ती येऊ शकत नाही. म्हणजे ज्या घराच्या नावानं आपण एकत्र येतोय त्या घरातलीच माणसं वगळून आपण 'फॅमिली गेट-टुगेदर' करणार. समुद्र बघायचाय तर बिनधास्त बघा, मलाही आवडतो. फक्त त्याला गावची दिवाळी म्हणू नका.

वहिनीचा विषय निघालाच आहे तर भाऊबीजेचंही बोलून घेते, कारण या सगळ्या सणात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. वहिनीचं माहेर आटपाडीकडं. तिलाही भाऊ आहे. पण आत्ताआत्तापर्यंत आमच्याकडं असं, की भाऊबीजेला आम्ही नणंदा येणार, म्हणून ती घरात. सकाळपासून पुरणाचा घाट, आमच्या ओवाळणीचं तबक तिनं सजवायचं, आमच्या पोरांची गरम पाण्याची बादली तिनं भरायची, आणि संध्याकाळी तिच्या भावाचा फोन आला की "न्हाई जमत रे, ताई आल्यात." ताई म्हणजे आम्ही. घराघरात हेच चालतं. प्रत्येक घरातली एक बहीण माहेरी जावी म्हणून दुसऱ्या घरची बहीण अडकवून ठेवायची.

आमच्याकडं आता भाऊबीजेला वहिनी सकाळीच आटपाडीला जाते आणि दादाला मी दुसऱ्या दिवशी ओवाळते. घरातल्या एका ज्येष्ठ बाईंनी नाक मुरडलं होतं, यमद्वितीया एकच दिवस असते म्हणून. आई म्हणाली, "तुळशीच्या लग्नापतुर भाऊबीज चालतीया आमच्यात. भाऊ काय पळून चाललाय व्हय?" विषय संपला. त्या दिवशीचा स्वयंपाक पुरुषांनी केला. पिठलं पातळ झालं होतं, पण कुणी बोललं नाही, आणि बोललं असतं तर त्यालाच उद्या उभं केलं असतं.

फराळाचंही तसंच. चिवडा, चकली, शंकरपाळी आता गावातल्याच बचत गटाच्या बायकांकडून येते. घरी फक्त करंज्या, त्याही सगळे जमल्यावर, रात्री. तरी शहरातले पाहुणे परतताना डिकीत डबे भरून नेतात आणि येताना बेकरीचा एक बॉक्स आणतात, हे मी प्रेमानं पण स्पष्टच लिहितेय. काकी, राग मानू नका.

मित्रमंडळींचं सांगायचं राहिलं. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलीत. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, इकडच्या कितीतरी घरांतला एखादा तरी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात केरळ, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, कुठं ना कुठं आहेच. दिवाळीत आमच्या गावात टीएन, केएल, यूपी पासिंगच्या गाड्या दिसायला लागतात. धनत्रयोदशीला सोन्याच्या पेठेत गर्दी असते, त्यामुळं त्यातले बरेच जण लक्ष्मीपूजन उरकूनच गाडी काढतात. त्यांची पोरं आजीशी मराठीत बोलतात आणि आपसात भांडायची वेळ आली की तमिळवर जातात. आजीला भांडण कशावरून आहे ते कळत नाही, त्यामुळं ती दोघांनाही एकेक करंजी देते.

माझ्या वर्गातलेही काही जण असे आहेत. मागं एकदा त्यांच्यापैकी कुणीतरी मोठ्या हौसेनं हॉल घेऊन स्नेहमेळावा केला होता. बॅनर, साउंड, शाल-श्रीफळ, गुरुजनांचे सत्कार, मग भाषणं. भाषणं करणारे तेच, जे शाळेतही करायचे. बाकीचे खुर्च्यांच्या रांगेत बसून एकमेकांना लांबून हात करत होते. जेवण झालं, फोटो झाला, सगळे पांगले. यंदा काही ठरलं नव्हतं. दादाची रात्रीची फवारणी होती, त्याचे दोघं-तिघं मित्र आणि माझ्या वर्गातली एक मैत्रीण तिच्या नवऱ्याला घेऊन बागेवर आली. शेततळ्याकडेला बसलो, भडंगात कांदा कापून घातला. ब्लोअरच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं, तो वळून लांबच्या टोकाला गेला की बोलायचं, जवळ आला की भडंग खायचं. मैत्रीण कोइमतूरहून आली होती. तिच्या धंद्याचं काय चाललंय ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

मला वाटतं, सगळ्यांची सुट्टी एकाच तारखेला पडते हा नोकरदारांचा समज आहे. मीही नोकरदारच आहे, म्हणून सांगते. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडं कारखान्यांच्या हंगामाची हालचाल सुरू होते, बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाशेजारी त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. त्यांची दिवाळी कुठली धरायची? एसटीचे चालक-वाहक तर आपल्याला गावाला पोचवण्यातच सण घालवतात. आपल्याला सुट्टी आहे म्हणून समोरच्यालाही असेल, आणि नसली तर त्यानं ती आपल्यासाठी काढावी, ही अपेक्षाच मुळात जास्तीची आहे. जवळची माणसं भेटायची तर त्यांच्या दिवसात आपण शिरायचं. त्यांचा दिवस आपल्यासाठी रिकामा करून मागायचा नाही.

याला एक उलटी बाजूही आहे, तीही लिहिते, नाहीतर दादाला वाटेल ताई नुसती त्याचीच वकिली करतीय. घरच्यांनीही पाहुण्याला पाहुणा करून ठेवायचं सोडलं पाहिजे. "तुम्ही बसा, तुम्ही बसा" म्हणून हातातलं काढून घ्यायचं आणि मग मागं म्हणायचं की शहरातल्यांना कामाची सवय नाही. दाखवा की. एखादी फूट चुकीची मोडेल. मोडू दे.

तर ग्रुपवाल्यांनो, रिसॉर्टचा अॅडव्हान्स भरला नसेल तर थांबा. पुढच्या वर्षी, २०२६ ला, अधिक महिना आहे, त्यामुळं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतंय. ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटणी झाली तर त्या वेळेला बाग फुलोऱ्याच्या आसपास असेल, आणि फुलोऱ्यात दादा कुणालाच बागेत हात लावू देणार नाही. तेव्हा लक्ष्मीपूजन आपापल्या घरी करा, लायटिंग करा, कुठं जायचं ते जा. वहिनी तिच्या भावाकडं जाईल. आपण तुळशीच्या लग्नाच्या जवळचा शनिवार-रविवार धरू. डिपिंग तेव्हाच कुठंतरी येईल. एकेक घड द्रावणात बुडवून काढायचा, त्याला माणसं जेवढी तेवढी कमीच. पाऊस असेल तर तारीख हलेल, त्यामुळं निघायच्या आधी दादाला फोन करा. गाद्या आहेत, पांघरुणं कमी पडतात, ती आणा. भाऊबीज तेव्हाच करू. पिठलं कोण करणार ते मात्र आत्ताच ठरवा, यंदाच्या माणसाला परत उभा करायचा नाही.