पंचविशीनंतरच्या पदवीचं काय?

खेड्यात पदवीधर कमी, शहरात जास्त, असा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "गावाकडच्यांना शिक्षणाची किंमत नाही." मला हे अजिबात मान्य नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिच्या वसतिगृहांसाठी बायांनी जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढलं. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. किंमत नसती तर ही मूठ निघाली असती का?

आधी मोजणीचं बघू. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते. गावातला पोरगा बी.एस्सी. करून चाकणला नोकरीला लागला की तो शहरी पदवीधर झाला. बापाने कर्ज काढलं गावात आणि आकडा वाढला शहराचा. देशातली निम्म्याहून जास्त महाविद्यालयं आज ग्रामीण भागातच आहेत. पदवी तिथे मिळते, पण त्या पदवीला साजेसं काम तिथे नाही, म्हणून पदवीधर टिकत नाही.

जे गेले त्यांचं भलं होवो. मला काळजी आहे ती मागे राहिलेल्यांची.

मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवते आणि रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर तास घेते. तिथे माझ्यासमोर अंगणवाडी सेविका बसतात, बचत गटांना मार्गदर्शन करणाऱ्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई बसतात, ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक असतो, दूध डेअरीचा सचिव असतो. बारावीनंतर कोणाचं लग्न झालं, कोणाचे वडील गेले, कोणी पोलीस भरतीच्या मैदानावर चार-पाच वर्षं घातली आणि भरतीचं वय निघून गेलं. यातला एकही माणूस अभ्यासाला कंटाळून सुटलेला नाही. सीआरपी ताई तर गावातल्या सगळ्या गटांची कर्जखाती तोंडपाठ सांगतात, पण अर्जात 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यापाशी आल्या की हात थांबतो. त्या थांबलेल्या हाताचा मला फार राग येतो. त्यांचा नाही, आपल्या व्यवस्थेचा.

कारण ही व्यवस्था पंचविशीपुढच्या माणसाकडे बघतच नाही. उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण काढतात ते १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येवर. २०२१-२२ मध्ये देशाचं प्रमाण २८.४ टक्के होतं आणि २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर न्यायचं आहे. चांगलंच आहे. पण सगळं लक्ष त्या सहा वर्षांवर असलं की तिशीतल्या बाईसाठी धोरणात जागा उरत नाही. २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, त्याचं मी मनापासून स्वागत केलं. पण त्याआधी दहा-बारा वर्षं बारावीवर थांबलेली तिची मोठी बहीण? तिच्यासाठी काय आहे?

मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली नाशिकला स्थापन झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. त्याने लाखो लोकांना दुसरी संधी दिली, आणि तरीही शहरातले सुशिक्षित लोक "बाहेरून केलंय का?" असं नाक मुरडून विचारतात. दिवसभर शेतात राबून, लेकरांना झोपवून जिने पुस्तक उघडलं, तिची पदवी हलकी कशी हो?

नियमित कॉलेजांनीही आता हलायला हवं. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलामुलींचं पहिलं सत्र पुरतं संपायच्या आत गाळप हंगाम सुरू होतो, मग हजेरी भरणार कशी? ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत आहे. म्हणजे कॉलेज जिथे लांब पडायला लागतं, नेमकं तिथेच तो संपतो.

माझं मागणं अवघड नाही. तो पास पदवीपर्यंत न्या, आणि त्याला वयाची अट नको. तालुक्याच्या प्रत्येक अनुदानित कॉलेजात शनिवार-रविवारची, पंचविशीपुढच्यांसाठीची तुकडी काढा. रविवारी वर्ग तसेही रिकामे असतात. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना परीक्षेच्या दिवसांत मानधन न कापता सुट्टी द्या. आणि तुमच्या घरात, भावकीत बारावीवर थांबलेली कोणी वहिनी, मावशी असेल, तर यंदा प्रवेश सुरू झाले की तिच्यासोबत जवळच्या अभ्यासकेंद्रावर जा. फॉर्म ऑनलाइन असतो, पहिल्यांदा भरताना सोबत कोणी असलं की बरं पडतं. अडलं तर मला मेसेंजरवर विचारा, मी सांगेन.