मुसळ, शेगडी आणि पुडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि खरं सांगते, आधी रागच आला. दोन दिवसांनी पुन्हा वाचली तेव्हा निम्मा राग उतरला होता. हे उत्तर उरलेल्या निम्म्यातून आलंय, त्यामुळे कुठे आवाज चढलेला वाटला तर सांभाळून घ्या.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : ‘बाळंतिणीची खोली’ या लेखात मी माझ्या आजीच्या हातच्या बाळंतपणांबद्दल लिहिलं होतं. शेक-शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळगुटी, पाचवीची पूजा. त्यावर तालुक्याच्या गावी वीस वर्षं बाळंतपणं करणाऱ्या या डॉक्टरांनी लिहिलं, की हे वाचायला गोड आहे, पण याच खोल्यांतून अर्धमेल्या बायका त्यांच्याकडे येतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांत बाळंतपणाबद्दल मंत्र-तंत्रापलीकडे काही नाही. माझ्यासारखीच्या लिखाणामुळे मुलगा होण्याच्या पुड्या विकणाऱ्यांचं फावतं. आणि शेवटी, ‘स्वतःच्या मुलीचं बाळंतपण असं कराल का?’

आधी माझ्या चुका.

बाळ जन्मल्यावर त्याच्या जिभेला मध-तुपाचं बोट लावायचं, असं मी लिहिलं आणि पुढे गेले. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, त्यातून बोट्युलिझमचे जंतू तान्ह्याच्या आतड्यात रुजू शकतात, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं नाही, कारण परिच्छेदाची लय बिघडली असती. कारण लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. ते वाक्य काढलंय आणि का काढलं तेही तिथे नोंदवलंय.

दुसरं पाण्याचं. आजी बाळंतिणीला पाणी मोजून द्यायची. ‘पोट सुटतं’ म्हणून उकळलेलं अर्धी वाटी, तेही मागितल्यावर. माझी आई सांगते, तहानेने जीव कासावीस झाला की ती चूळ भरायच्या निमित्ताने दोन घोट गिळायची. अंगावर पाजणाऱ्या बाईचं पाणी तोडायचं हा शुद्ध छळ होता आणि माझ्या लेखात तो आलाच नाही. शेगडीबद्दलही तुमचं बरोबर. आजीच्या खोलीला कौलं होती, वारा फटींतून खेळायचा. आज तीच शेगडी सरकत्या काचा लावलेल्या फ्लॅटमध्ये बाजेखाली ठेवली तर निखाऱ्याचा वायू कुठे जाणार?

आणि गुटी. सहाणेवर आजी एकेक मुळी उगाळायची ते मला अजून दिसतं. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, सुंठ, खारीक, बदाम; प्रत्येकाचे वळसे ठरलेले. जायफळाला मात्र अर्धाच वळसा. ‘जास्त झालं तर पोर पेंगत पडतं,’ ती म्हणायची. म्हणजे मात्रा चुकली तर काय होतं ते तिला ठाऊक होतं. पण तिच्यामागे जिने गुटी दिली तिला ते ठाऊक होतं का, सहाण उकळत्या पाण्याने धुतली जायची का, याची हमी कोण देणार? पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, हे मला पटलेलं आहे. माझ्या मुलीला मी गुटी दिली नव्हती. लेखात हे सांगायला हवं होतं.

आता जिथे पटत नाही तिथे येते.

ग्रंथांत मंत्र-तंत्रापलीकडे काही नाही, असं तुम्ही म्हणता. चरकसंहितेच्या शारीरस्थानातला आठवा अध्याय एकदा काढून बघा. कळा सुरू झालेल्या बाईला मुसळ देऊन धान्य कांडायला लावावं, मधूनमधून जांभया द्यायला आणि चालायला लावावं, असं काही जण सांगतात, हे तिथे आधी नोंदवलंय. त्यावर आत्रेय, म्हणजे ज्यांची शिकवण या ग्रंथात सांगितली आहे ते गुरू, म्हणतात, हे चालायचं नाही. गर्भिणीने दारुण व्यायाम टाळावा असं एरवी सतत सांगायचं आणि ऐन प्रसूतीच्या वेळी, जेव्हा शरीर सगळ्यात नाजूक झालेलं असतं, तेव्हा मुसळ हातात द्यायचं? त्याने तिच्या जिवालाच धोका. तेव्हा मुसळ नको. चालणं आणि जांभया ठेवा. पुढे तर असं आहे, की कळ आल्याशिवाय जोर करू नकोस, तसा केलेला जोर फुकट जातो.

मला या उताऱ्यात आवडतं ते हे, की ग्रंथकार चालू रूढीशी भांडतोय. ‘पूर्वापार चालत आलंय’ हे कारण त्याला पुरत नाही. त्याच अध्यायात सूतिकागारात, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीत, कुठल्या बायका असाव्यात तेही दिलंय : अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, हुशार, कष्टाला न कंटाळणाऱ्या, धीर देणाऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीच्या काळजीबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत बाईच्या पसंतीचं माणूस सोबत असावं, तिला हिंडू-फिरू द्यावं, तिला स्वतःला जोर करावासा वाटेल तेव्हा करू द्यावा, हे सगळं आहे. ‘बघा, आमच्याकडे आधीच होतं’ असं म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही; त्या म्हणण्याचा मला उबग आलाय. बाळंत होणाऱ्या बाईकडे नीट बघणारी माणसं तेव्हाही होती, एवढंच.

आणि ग्रंथ एकमुखी नाहीत. चरक बाळाला मध-तुपानंतर लगेच आईच्या उजव्या स्तनाला लावायला सांगतो. सुश्रुत म्हणतो, दूध तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर येतं, तोवर औषधी तूप चाटवा. आमच्या गावात चीक, म्हणजे आईचं पहिलं दूध, पिळून टाकून द्यायचे, तोही ‘शास्त्रात सांगितलंय’ म्हणून. कुठल्या शास्त्रात? चरकाचं ऐकलं असतं तर ते दूध बाळाच्या पोटात गेलं असतं.

अजून एक उदाहरण देते, कारण ते मला छळतं. सोळाच्या आतल्या मुलीला पंचविशीच्या आतल्या पुरुषापासून गर्भ राहिला तर तो पोटातच दगावतो, जन्मला तर फार जगत नाही किंवा दुबळा निपजतो, असं सुश्रुताने स्पष्ट लिहून ठेवलंय. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या. मूल दहा दिवस जगलं. १८८६ साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. वर्षभरातच, बाविशी गाठायच्या आत, त्या गेल्या. आणि १८९१ मध्ये संमतिवयाची, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधासाठी कायद्याने ठरवलेल्या किमान वयाची, मर्यादा दहावरून बारा करायची म्हटल्यावर पुण्यात धर्म बुडाला म्हणून केवढं रान उठलं! सुश्रुताचे सोळा कुठे, आणि हे बारा कुठे. तेव्हा आयुर्वेद आणि आपल्या घरात चालत आलेलं यांना एकाच पोत्यात घालू नका. तुम्ही घातलंत, आणि खरं तर लेखात मीही घातलं होतं.

आता पुडी. इथे मी तुमच्या बाजूला येऊन बसते, कारण माझ्या घरातच हे घडलंय. चुलत वहिनीला दोन मुलींनंतर दिवस राहिले तेव्हा सासूने दीडशे किलोमीटरवरच्या एका माणसाकडून पुडी आणली. दीड महिन्याच्या आत, उगवतीकडे तोंड करून, जिच्याखाली गोऱ्हा आहे अशा गाईच्या दुधातून घ्यायची. तिसरीही मुलगी झाली. सासू जाब विचारायला गेली तर त्याचं उत्तर तयार : ‘गाईखाली गोऱ्हाच होता ना? कालवड नव्हती ना? नीट बघितलं होतंत?’ ती मुलगी आता बारावीला आहे. पुडीत काय होतं ते कुणालाच कळलं नाही.

हा माणूस आयुर्वेदाच्या बाहेरचा आहे असं म्हणून मला सुटता येत नाही. पुंसवन, म्हणजे मुलगा व्हावा म्हणून करायचा विधी, चरकात आहे. गोठ्यात वाढलेल्या वडाचे पूर्वेच्या आणि उत्तरेच्या फांदीचे कोंब, उडीद, पांढरी मोहरी, दही, पुष्य नक्षत्र, सगळं कृतीसकट. पुंसवन म्हणजे फक्त ‘निरोगी संतती’ अशी सारवासारव हल्ली ऐकू येते. ती खोटी आहे. गर्भाचं लिंग उमटायच्या आत हे करावं, असं ग्रंथात स्वच्छ लिहिलंय. लिंग बीज रुजतं त्याच क्षणी, पुरुषबीजातून ठरतं. नंतर कुठलाही कोंब ते बदलत नाही. इथे ग्रंथ चुकलाय. मुसळाच्या बाबतीत आत्रेयांनी रूढीला जे केलं, तेच आपण इथे ग्रंथाला करायला हवं.

आणि हे नुसतं भाबडेपण नाही. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, कायदा केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीडमध्ये ८०७. पुडी आणि सोनोग्राफी या दोन्हींमागे गिऱ्हाईक एकच आहे. त्यातलं अर्धं तुमच्या दवाखान्यांतूनही गेलंय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

मूल राहण्यासाठी आणि गर्भ टिकण्यासाठी जे भस्म, रस वगैरे देतात, त्याबद्दलही लेखात एक ओळ हवी होती. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ च्या सुमारास सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. सहाही जणींनी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेतलेली. हळिवाच्या लाडवाला मी कुणाची परवानगी मागणार नाही. पण डबीवर घटक लिहिलेले नसतील तर पोटुशी बाईने ते तोंडात घालू नये, मग देणारा कितीही मोठा असो.

शेवटी तुमचा प्रश्न. मुलीचं बाळंतपण दवाखान्यातच होईल, यात मला क्षणभरही शंका नाही. माझ्या आजीची आठ बाळंतपणं, त्यातली पाच मुलं जगली; आणि तिच्या हातून एक बाई रक्त थांबेना म्हणून गेली. आजी ते नाव पुन्हा कधी घेत नसे. त्या रात्री दशमुळाचा काढा कामाचा नव्हता, रक्ताची बाटली आणि इंजेक्शन हवं होतं. महाराष्ट्रातला मातामृत्यूचा आकडा २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आला, तो तुमच्यासारख्यांमुळे आणि गावोगावच्या आशाताईंमुळे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवले, तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. बाळंतपणं तेव्हा बहुतेक घरीच होत होती. शिकवलेला हात घरातही वाचवतो, असं मी त्यातून घेते.

दवाखान्याबद्दल माझीही एक आठवण आहे. माझी मुलगी झाली त्या दवाखान्यात मला नऊ तास उताणी झोपवून ठेवलं. उठू नका, कुशीवर होऊ नका. आई दाराबाहेर, आत यायला बंदी. शेवटी एकीने कोपराने पोटावर दाब दिला, आणि ‘आता कशाला ओरडतेस’ हे मला ऐकू आलं. जीव वाचला, बाळ वाचलं, मी कृतज्ञ आहे. पण त्या नऊ तासांत मला आजीच्या खोलीची आठवण झाली, शेगडीची नव्हे, उशाशी बसून पाठ चोळणाऱ्या तिच्या हाताची. मूळ लेख त्या आठवणीतून लिहिला होता, आणि म्हणूनच त्यात तूप जरा जास्त पडलं असावं.

तेव्हा आता मीच एक विचारते, टोमणा म्हणून नाही. माझ्या भाचीला सातवा लागलाय, ती तुमच्याच भागात राहते आणि दवाखाना अजून ठरायचाय. तुमच्याकडे कळा देणाऱ्या बाईजवळ आई, बहीण किंवा नवरा, कुणी एक जण आत बसू शकतो का? आणि तिला चालू देता का?