डेकरला कोणी बडतर्फ केले नव्हते

एडुआर्ड डाउवेस डेकर या डच अधिकाऱ्याविषयी एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. तेव्हा डच वसाहत असलेल्या जावामध्ये शेतकऱ्यांना सरकारसाठी कॉफी, ऊस अशी पिके सक्तीने घ्यावी लागत; या सक्तीच्या लागवडीविरुद्ध त्याने आवाज उठवला म्हणून सरकारने त्याला बडतर्फ केले आणि पुढे त्याच्या ‘मॅक्स हॅवेलार’ या कादंबरीने ती पद्धत संपवली, असे त्यात म्हटले आहे. यातील एकही विधान घडलेल्या घटनांशी जुळत नाही.

पहिली गोष्ट तक्रारीची. जानेवारी १८५६ मध्ये डेकर जावाच्या बांतम प्रांतातील लेबाक येथे सहायक रेसिडेंट, म्हणजे तिथला डच प्रशासकीय अधिकारी, म्हणून रुजू झाला आणि २४ फेब्रुवारीला त्याने वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. ती कॉफीच्या किंवा उसाच्या सक्तीबद्दल नव्हती. डच सत्तेनेच पदावर ठेवलेला रीजंट, म्हणजे तिथला स्थानिक प्रमुख, रयतेला फुकट वेठीला धरतो आणि त्याची माणसे पैसे न देता रेडे ओढून नेतात, असे तिचे स्वरूप होते. भातखाचराची चिखलणी ज्या जनावरावर अवलंबून, तेच दावणीवरून गेले की त्या घराचा हंगामच बुडाला. फिरणाऱ्या मजकुरात नेमका हा शेतकरी कुठेच दिसत नाही.

बडतर्फीचे म्हणाल, तर वसाहतीचा गव्हर्नर-जनरल डायमार फान ट्विस्टने नापसंती दर्शवून त्याची जावातल्याच नगावी या गावी बदली केली. ती न स्वीकारता डेकरने राजीनामा दिला आणि एप्रिलमध्ये त्याला सन्मानपूर्वक सेवामुक्त करण्यात आले. पदरी बायको आणि लहान मूल, डोक्यावर कर्ज, अशा अवस्थेत त्याने हातची नोकरी स्वतःहून सोडली, आणि त्याला ‘बडतर्फ’ म्हणणारे त्याच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी निर्णयच त्याच्याकडून काढून घेतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कादंबरी १८६० मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने हॉलंड हादरले, हे खरेच आहे. मात्र १८३० मध्ये गव्हर्नर-जनरल फान डेन बॉशने सुरू केलेल्या या सक्तीच्या लागवडीवर डच संसदेत फान हूव्हेल हे सदस्य आधीपासूनच टीका करत होते, आणि ही पद्धत मोडीत काढू लागलेल्या १८७० च्या जमीन व साखर कायद्यांमागे जावात जमीन आणि मजूर हवे असलेल्या खासगी भांडवलदारांचाही मोठा रेटा होता. कॉफीची सक्ती तर विसाव्या शतकातही काही भागांत टिकून राहिली.

लेबाकची चौकशी पुढे झाली, तक्रारीत तथ्य आढळले आणि काही कनिष्ठ अंमलदार काढले गेले. रीजंटला मात्र समज देण्यात आली, आणि कादंबरी छापून आली तेव्हाही तो पदावरच होता.