‘शरीराला सवय लागते’वाल्या फॉरवर्डला उत्तर

पाऊस सुरू झाला की मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘पावसाळी ताप बॅक्टेरियामुळे येतात. बॅक्टेरिया म्हणजे उत्क्रांतीच्या शिडीवरचा सर्वांत खालचा, मागासलेला जीव. सारखं अँटिबायोटिक घेतलं की शरीराला सवय लागते, बॅक्टेरियाही शिकतात, मग औषध लागू पडत नाही. म्हणून घर आणि पोट १०० टक्के बॅक्टेरियामुक्त ठेवा.’ अकरावी-बारावीला २५ वर्षं जीवशास्त्र शिकवल्यावर हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ताप. मुंबईच्या पावसाळ्यात लोक ज्यांना घाबरतात ते तीन: डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). यातला जिवाणूचा, म्हणजे बॅक्टेरियाचा, फक्त लेप्टो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर शहरात लेप्टोचे रुग्ण वाढले. उंदराच्या मुतातून तो साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या जखमेतून आत शिरतो. डेंग्यू विषाणूचा. विषाणूला पेशीच नसते, त्यामुळे जिवाणूची पेशी मोडणारं औषध त्याच्यावर काय करणार? मलेरियाची गंमत आणखी वेगळी. तो परजीवी एकपेशीय खरा, पण त्याच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक असतं, जिवाणूत ते नसतं. वर्गीकरणात तो लेप्टोपेक्षा तुम्हा-आम्हाला जवळचा! तिन्ही तापांत अंग मोडून येतं, म्हणून औषधही एकच असं होत नाही. रक्त तपासायला पाठवतात ते त्यासाठी.

‘शिडी’बद्दल फार लिहीत नाही. आजचा लेप्टो आपला पणजोबा नव्हे, फार लांबचा चुलतभाऊ आहे. आपण बदलत होतो तेवढाच काळ तोही बदलत होता.

खरा घोळ ‘सवय’ आणि ‘शिकतात’ या दोन शब्दांत आहे. सवय शरीराला लागतच नाही. औषधाला दाद देईनासे होतात ते जिवाणू. म्हणूनच ज्याने जन्मात अँटिबायोटिक घेतलेलं नाही त्यालाही दाद न देणारा टीबी दुसऱ्याकडून लागू शकतो.

आणि ते शिकतही नाहीत. आपल्या आतड्यातला ई. कोलाय सोयीच्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगाने एकाचे १० तासांत १०० कोटींवर जातात. इतक्या नकला काढताना चुका होणारच. बहुतेक चुका निरुपयोगी, काही घातक, पण एखादी अशी निघते की ती असलेल्यावर औषध चालत नाही. औषध आलं की बाकीचे मरतात, तो उरतो, आणि पुढची पैदास त्याची. अचानक सर आली आणि स्टेशनबाहेर फक्त छत्रीवाले पडले, तर पावसाने त्यांना छत्री दिली असं आपण म्हणतो का? ती पिशवीत आधीपासून होती.

हे नुसतं म्हणणं नाही. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने निर्जंतुक मखमलीचा तुकडा जिवाणूंच्या बशीवर दाबला आणि तो ठसा औषध असलेल्या बशांवर उमटवला. प्रत्येक बशीत ठरावीक जागचेच जिवाणू जगले. मग मूळ बशीतल्या त्याच जागा तपासल्या, तर औषधाचं तोंडही न पाहिलेले तिथले जिवाणू आधीच दाद न देणारे होते. त्यात भर म्हणजे दाद न देण्याचा गुण देणारं जनुक एक जिवाणू दुसऱ्याला देऊही शकतो, नात्यागोत्यात नसलेल्याला सुद्धा.

त्यामुळे सर्दीला, जी विषाणूची असते, उरलेल्या पाकिटातली अँटिबायोटिकची गोळी घेतली तर सर्दीचं काही बिघडत नाही. पोटातल्या लाखो-कोटी जिवाणूंत मात्र निवड होऊन जाते. किती दिवस घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवावं, ग्रुपने नव्हे.

राहिलं ‘१०० टक्के मुक्त’. ठाणे खाडीत फ्लेमिंगो आले की हीच मंडळी ऐरोलीला कॅमेरे घेऊन जातात. त्यांतले धाकटे फ्लेमिंगो जे नीलहरित शेवाळ गाळून खातात ते नावापुरतं शेवाळ; असतात ते जिवाणूच, आणि पिसांचा गुलाबी रंग त्या खाण्यातून येतो. पृथ्वीच्या हवेत प्रथम प्राणवायू भरला तोही त्यांच्याच पूर्वजांनी.

मेसेज पाठवणाऱ्या काकांना मी एवढंच विचारलं, रविवारी तुमच्याकडे इडली असते ना? रात्रभर झाकलेलं पीठ कोण फुगवतं? अजून निळ्या टिका झालेल्या नाहीत.